छकडा, घड्याळ आणि कायदा: विदर्भातल्या शंकरपटाचा इतिहास

आजचा विषय शर्यतीचा आहे. पण रेसकोर्सवरच्या, जॉकी पाठीवर बसलेल्या शर्यतीचा नाही. जनावराला गाडी जुंपायची, गाडीवर माणूस उभा राहणार किंवा बसणार आणि मग पळायचं, अशा शर्यतींचा. जगात या प्रकाराचा सगळ्यात नावाजलेला नमुना अमेरिकेतला आहे, तिथे दोन चाकांच्या हलक्या गाडीला घोडा जुंपतात. आपल्याकडे, म्हणजे नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि तिकडे अमरावतीपर्यंत, त्याचा भाऊबंद म्हणजे शंकरपट. नुसतं ‘पट’ म्हटलं तरी इथल्या माणसाला कळतं.

आधी घोड्याचं थोडक्यात सांगतो, कारण पुढे त्याचा उपयोग होणार आहे. घोड्याच्या चाली वेगवेगळ्या असतात. दुडक्या चालीत पुढचा डावा पाय आणि मागचा उजवा पाय एकदम पडतो, म्हणजे तिरपी जोडी. दुसरी एक चाल अशी की एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम पुढे जातात, मग दुसऱ्या बाजूचे दोन्ही. अशा घोड्यावर बसलं की हादरे कमी बसतात. आपल्याकडे नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो, तिथे ‘रेवाल’ चालीच्या घोड्याला वेगळा भाव असतो. रेवाल ही त्याच घराण्यातली चाल. अमेरिकेतल्या गाडीच्या शर्यतीत मुख्य नियम एकच आहे: घोडा कितीही वेगात जाऊ दे, त्याने चाल मोडून चौखूर उधळायचं नाही. उधळला तर हाकणाऱ्याने त्याला आवरून पुन्हा चालीवर आणायचं, तोपर्यंत बाकीचे पुढे निघून जातात. म्हणजे शर्यत वेगाची आहे, पण बांधलेल्या वेगाची.

१८४५ साली न्यू जर्सीत होबोकेनला लेडी सफोक नावाच्या करड्या घोडीने दुडक्या चालीत एक मैल अडीच मिनिटांच्या आत कापला. ही घोडी लहानपणी कालवं विकणाऱ्याच्या गाडीला होती असं सांगतात. पुढे १८७९ मध्ये तिथल्या पैदासकारांनी हेच अडीच मिनिटांचं माप धरलं आणि जो घोडा या मापात बसेल तो जातिवंत असं ठरवलं. त्यावरून त्या जातीचं नावच ‘स्टँडर्डब्रेड’ पडलं. जरा विचार करा, रंग नाही, उंची नाही, कुळ नाही, घड्याळाने ठरवलेली जात! डॅन पॅच या घोड्याने १९०५ मध्ये मैल १ मिनिट आणि सव्वापंचावन्न सेकंदांत नेला, तेव्हा तो तिकडे नटासारखा प्रसिद्ध होता. आणि नेमकं त्याच सुमाराला रस्त्यावर मोटार येत होती. गाडीचा घोडा रस्त्यावरून गेला आणि फक्त शर्यतीपुरता उरला. ओहायोत डेलावेअर गावच्या कृषी जत्रेत १९४६ पासून ‘लिटल ब्राउन जग’ नावाची शर्यत होते, तीन वर्षांच्या, त्या एका बाजूच्या चालीच्या घोड्यांची. लोक जागा धरायला आधीच येऊन कुंपणाला खुर्च्या बांधून ठेवतात. म्हणजे आपल्या नाटकाच्या मंडपात रुमाल टाकून जागा धरतात तसंच. जत्रा शेतीची, प्रेक्षक शेतकरी घरातले, पण त्या घोड्याचं शेतीत काम कधीच संपलेलं. हे वाक्य लक्षात ठेवा. बैलाच्या बाबतीत आपण त्याच वळणावर उभे आहोत.

आता इकडे या.

नागपूरच्या भोसल्यांचा मुलूख म्हणजे डोंगर, जंगल, नाले आणि काळी माती. इथे वेगाने माल हलवायचा तर घोड्यापेक्षा बैल सोयीचा, कारण बैलाला दाणापाणी कमी लागतं आणि चिखलात तो अडत नाही. वर्धा, नागपूर आणि पलीकडे छिंदवाडा, शिवनी, बालाघाट या पट्ट्यात गवळाऊ नावाची गाईबैलांची जात आहे. पांढरी किंवा राखाडी, अंगाने हलकी, निमुळत्या तोंडाची. मराठी फौजेला डोंगराळ गोंडवनात झटपट रसद नेण्यासाठी ही जात जोपासली गेली असं परंपरेने सांगितलं जातं. परंपरा बाजूला ठेवली तरी गवळाऊचं अंग पाहिलं की कळतं, हा नुसता जड ओझं ओढणारा बैल नाही, हा चालणारा बैल आहे. वर्धा जिल्ह्यात हेटीकुंडीला या जातीच्या संगोपनाचं सरकारी प्रक्षेत्र आहे.

रेल्वे यायच्या आधी इकडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट मिर्झापूरला गंगेकाठी जायचा. लमाणांचे तांडे ही वाहतूक करत. १८६७ मध्ये नागपूरला आगगाडी पोचली, आणि १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. आपल्याला वाटेल की मग बैल मागे पडला असेल. झालं उलट. लांबचा पल्ला आगगाडीने घेतला, पण शेतापासून स्टेशनापर्यंत आणि बाजारापर्यंतचा सगळा पल्ला बैलगाडीचाच राहिला, आणि कापसाच्या पैशाने तो वाढला. ज्याच्या हाती चार पैसे आले त्याने माणसं बसवायची हलकी गाडी केली. वऱ्हाडात दमणी, झाडीपट्टीत रेंगी. आज ज्याच्या दारात चांगली मोटार उभी असते त्याच्या आजोबाच्या दारात रेंगी आणि तिला शोभेलशी जोडी असायची. लग्नाला, बाजाराला, यात्रेला निघालं की वाटेत दुसऱ्याची रेंगी दिसणार आणि मग कोण पुढे जातो हे होणारच. अमेरिकेतल्या शर्यती रस्त्यावरच्या अशाच चढाओढीतून वाढल्या. पट कुणी एकाने, अमुक साली सुरू केला असं सांगणाऱ्या माणसाकडे मी जरा संशयाने पाहतो. ज्या मुलखात चांगला बैल आणि हलकी गाडी आहे तिथे शर्यत आपोआप उगवते.

बैल इथे किती खोल आहे हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. पोळा महाराष्ट्रभर आहे, पण दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, लाकडी बैल घेऊन पोरं निघतात तो, नागपूरचा. त्याचं श्रेय परंपरेने दुसऱ्या रघुजी भोसल्यांना दिलं जातं. बैल घरात नाही अशा शहरी मुलालाही इथे एक दिवस बैलाचा मालक होता येतं.

आता पटाची रचना. महाराष्ट्रात बैलांच्या शर्यतीचे प्रकार अनेक आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पुणे जिल्ह्यात खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ भागात ‘गाडा’ असतो. चार बैल, पुढे घोडी, चढाचा घाट, आणि गाड्यावर माणूस नाही. सांगली, साताऱ्याकडे दोन बैलांच्या गाड्या, अनेक एकदम सुटतात. रायगडला समुद्राच्या ओल्या वाळूवर पळवतात. आपला पट या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे. दोन बैल, एक हलका छकडा, त्यावर धुरकरी. सपाट शेतात शेजारी शेजारी दोन सरळ धावपट्ट्या आखतात, त्यावरून दोन जोड्या सुटतात. काम काही सेकंदांचं. निकाल नुसता कोण पुढे यावर नाही, घड्याळावर लागतो, आणि सेकंदाचेही भाग मोजतात. पट्टी सोडून जोडी शेतात घुसली की संपलं. म्हणजे घड्याळ आपल्याकडेही आलं, आणि घड्याळ आलं की आज पळालेली जोडी काल पळालेल्या जोडीशी स्पर्धा करू शकते. शेजारच्या गावाशी असलेली चुरस मग अख्ख्या विदर्भाशी होते.

एक फरक मात्र मोठा आहे. अमेरिकेतल्या घोड्याला उधळायला बंदी. पटाचा बैल उधळतोच, त्याला उधळवायचंच असतं. तिकडचा नियम हाकणाऱ्याचा हात बांधतो. इकडे जनावराच्या वेगाला आतून कुठलाच लगाम नव्हता, उलट वेग वाढवायच्या युक्त्यांना मान होता. यातूनच पुढचं सगळं प्रकरण उभं राहिलं, असं माझं मत आहे. त्याकडे येतोच.

पटाचा काळ बघा. धानाची कापणी-मळणी झाली, शेतं मोकळी, थंडी पडलेली, हातात थोडा पैसा. डिसेंबरपासून संक्रांत, महाशिवरात्रीच्या आगेमागे. शंकर आणि नंदी यांचं नातं जोडूनच लोक या नावाकडे बघतात. पण देवळापेक्षा पटाचा संबंध पीकपाण्याशी जास्त आहे. धान बुडालं त्या वर्षी पट रंगत नाही.

आणि पट म्हणजे फक्त बैल नाहीत. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग, गावात पट ठरला की घरोघरी पाहुणे येतात. लेकी माहेरी येतात. उपवर मुलामुलींची सोयरीक याच दिवसांत जुळते. सोयरीक जुळवायला पाहुण्याला निमित्त लागतं, आणि ‘पटाला आलो होतो’ यापेक्षा सोपं निमित्त नाही. मुलगी पसंत पडली नाही तरी कुणाचा अपमान होत नाही, कारण माणूस पटालाच आलेला असतो! (हशा) दिवसभर बैल, आणि रात्री नाटक. झाडीपट्टी रंगभूमी तुम्हाला माहीत आहे. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिचं ठाणं. दिवाळीनंतर मंडईपासून हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. रात्री दहाला पडदा उघडतो आणि पहाटे मंडळी घरी जातात. तिकीट काढून हजारो माणसं नाटक बघतात, तेही खेड्यात. मुंबई-पुण्याच्या नाट्यनिर्मात्यांनी वडशाला येऊन एकदा हे गणित शिकून जावं. या रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आता ही रंगभूमी जगते कशावर? गावातल्या मंडळाने कंपनी ठरवायची, पैसे मोजायचे, मंडप घालायचा. मंडळाला हे धाडस करता येतं कारण पटामुळे त्या दिवशी गावात गर्दी आहे हे नक्की असतं.

म्हणून बंदी आली तेव्हा इकडे नुसता बैलमालक रडला नाही. नाटकवाला, मंडपवाला, चहा-भज्यांचं दुकान, छकडा बनवणारा सुतार, सगळ्यांना झळ बसली. मुंबई-दिल्लीच्या चर्चेत हा भाग फारसा आला नाही. तिथे प्रश्न असा मांडला गेला की एकीकडे मुकं जनावर आणि दुसरीकडे संस्कृती. प्रत्यक्षात दुसऱ्या बाजूला अख्खा हिवाळा होता.

आता कायदा. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा. त्याच्या २२ व्या कलमानुसार केंद्र सरकार ठरवू शकतं की अमुक प्राण्याचे खेळ, प्रदर्शन करता येणार नाही. अस्वल, माकड, वाघ असे प्राणी त्या यादीत होते. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने त्यात बैल आला. एका शब्दाने. मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी कायम ठेवली. मग ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या शर्यती एकाच निकालात बंद केल्या. न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि घोष यांचं खंडपीठ. निकालाचा गाभा असा की बैल हा ओझं ओढणारा प्राणी आहे, घोड्यासारखी शर्यतीत धावायला त्याची शरीररचना नाही. त्याला पळवायचं तर वेदना आणि भीती दाखवूनच पळवावं लागतं, आणि वेदनेपासून सुटका हा त्याचा हक्क आहे.

शरीररचनेचा मुद्दा मला पूर्ण पटत नाही. ज्यांनी गवळाऊ पाहिला आहे त्यांना का पटणार नाही हे कळेल. सगळे बैल एका साच्यातले नसतात. राज्य सरकारने पुढे बैलाची पळण्याची क्षमता तपासायला समिती नेमली ती यासाठीच. पण वेदनेचा मुद्दा? तो मात्र पटवाल्यांनी झटकून टाकू नये. तुतारीला खिळा असतो तो शोभेचा नसतो. शेपूट पिरगाळणं, दाताने चावणं, काही ठिकाणी विजेचा झटका, हे प्रकार होत होते, आणि पटाला जाणाऱ्या प्रत्येकाला ते दिसत होते. पटाच्या बैलाला ढेप, सरकी, उडदाची चुरी घालतात, काही घरी दूध आणि अंडीसुद्धा. मालक पोराआधी बैलाला खाऊ घालतो हे खरं आहे. तेही खरं आणि तुतारीही खरी. जिंकायच्या त्या काही सेकंदांत तोच लाडका बैल टोचला जायचा. प्रेम होतं म्हणून क्रूरता नव्हती, असा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकला आहे. तो कोर्टात टिकला नाही, आणि टिकायला नकोच होता.

पुढची तारीखवार कहाणी भराभर सांगतो. ७ जानेवारी २०१६ ला केंद्राने सवलत देणारी अधिसूचना काढली, पाच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर तरुणांचं आंदोलन झालं, तमिळनाडूने कायदा बदलला, पाठोपाठ कर्नाटक आणि महाराष्ट्रानेही बदलला. महाराष्ट्रात मात्र ऑगस्ट २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने परवानग्या थांबवल्या. २०१८ मध्ये प्रकरण घटनापीठाकडे गेलं. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला नव्या नियमांनुसार शर्यती घ्यायची मुभा दिली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. त्या निकालात एक महत्त्वाची गोष्ट आहे: एखादी प्रथा संस्कृतीचा भाग आहे की नाही हे ठरवणं विधिमंडळाचं काम, न्यायालयाचं नव्हे, असं पीठाने म्हटलं. आणि दुसरी तितकीच महत्त्वाची: नियम कागदावर राहता कामा नयेत, त्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची.

आणि हे नियम काय म्हणतात? जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाचा दाखला, धावपट्टी एक हजार मीटरहून लांब नको, काठी, चाबूक, टोचणी, विजेचं यंत्र काही नको. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. आता ओहायोतल्या घोड्याचा नियम आठवा. तिथे बंधन खेळाच्या आतून आलं, हाकणाऱ्यांनीच मानलं, आणि त्या बंधनातूनच कौशल्य तयार झालं. इथे बंधन बाहेरून, कोर्टातून आलं. त्यामुळे अजून ते पोलिसासारखं वाटतं, नियमासारखं नाही. पण एक गंमत झाली आहे. टोचायला बंदी आली की पळवायचं कसं? आवाजाने, कासऱ्याने, सरावाने. म्हणजे धुरकऱ्याचं महत्त्व वाढायला हवं. मला वाटतं पटाचा पुढचा इतिहास, जर काही असेल तर, धुरकऱ्याचा असेल.

या बाबतीत अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या तळेगाव दशासरचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथला पट जुना आणि मोठा, कृषक सुधारक मंडळ तो भरवतं. मंडळाचं नावच बघा, शेतकरी सुधारावा म्हणून पट! त्या पिढीला शर्यत आणि पशुपैदास ही एकच गोष्ट वाटत होती. या पटात बायकांची शर्यत असते. बाई छकड्यावर, कासरा तिच्या हातात. शेतात वर्षभर बैलामागे राबणाऱ्या बाईला छकड्यावर उभं राहायला इतका काळ का लागला, हा प्रश्न आहेच, पण ती उभी राहिली आहे.

आता शेवटचा भाग, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात नर गोवंश, म्हणजे बैल, वळू, गोऱ्हे मिळून, साधारण ६ कोटी ८० लाख होते. २०१९ च्या गणनेत ४ कोटी ७० लाख. सात वर्षांत जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. याच काळात गाई वाढल्या, हेही लक्षात घ्या. म्हणजे चारा-पाण्याचं संकट सगळ्या जातीवर नव्हतं, बैलच नको झाला होता. ट्रॅक्टर भाड्याने मिळतो, आणि त्याला उन्हाळ्यात वैरण लागत नाही. त्यात मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आली. त्या कायद्याच्या बाजूने किंवा विरोधात मी इथे बोलत नाही. पण शेतकऱ्याच्या हिशेबात काय झालं ते सांगतो. एका वर्षाच्या आत पटही बंद आणि म्हाताऱ्या बैलाचा बाजारही बंद. नांगराला ट्रॅक्टर. मग गोऱ्हा जन्मला तर त्याचं करायचं काय? रस्त्यावर मोकाट गोऱ्हे दिसतात ते कुठून येतात हे आपण विचारत नाही.

पटवाले म्हणतात, शर्यत राहिली तर देशी बैल राहील. अर्धं खरं आहे. शर्यतीने जात टिकते, पण कुठली? जी पळते ती. लाखालाखांना विकल्या जाणाऱ्या जोड्या नांगराला जुंपत नाहीत. स्टँडर्डब्रेडचं हेच झालं, घोडा टिकला आणि गाडीचा घोडा संपला. पूर्व विदर्भात काठाणी नावाची लहान चणीची, धानाच्या चिखलात काम करणारी देशी जात आहे. पट वाचला म्हणून काठाणी वाचेल असं नाही. तिला पटाने नाही, धानाच्या बांधीनेच वाचवायला पाहिजे, आणि बांधीत आता ट्रॅक्टर आहे. गवळाऊचं गणित थोडं वेगळं पडेल, कारण त्याच्या अंगात चाल आहे. पण चालीसाठी पैदास करताना संकर झाला, तर नाव गवळाऊचं आणि रक्त दुसऱ्याचं, असंही होऊ शकतं. हेटीकुंडीसारख्या ठिकाणच्या नोंदी आणि पटाच्या जोड्यांच्या नोंदी एकमेकींशी कुणी ताडून पाहिल्या, तर एक चांगला अभ्यास होईल. इथे कुणी पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी असतील तर त्यांनी विषय घ्यावा, मी फुकट देतो. (हशा)

पट परत सुरू झाले आहेत. पुढच्या हिवाळ्यात वडशाकडे गेलात तर भिंतींवरची नाटकांची पत्रकं वाचा. नाटकाचं नाव मोठं, नटांचे फोटो मोठे, आणि वर ‘शंकरपटानिमित्त’ असं लिहिलेलं सापडेल. दिवसा पटावर जा, धुरकऱ्याच्या हाताकडे लक्ष ठेवा आणि परवानगीचा कागद कुठे लावला आहे तेही बघा. आता प्रश्न घेऊ. मागे हात वर आहे, हो, तुम्ही विचारा.